पदके तीनच का?

माझ्या दवाखान्यात टेबलामागच्या खिळ्याला एक पदक टांगलेले आहे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदाच, मी इंदूर मॅरेथॉनमधील १० किलोमीटरची धाव पूर्ण केली, त्याची ती खूण. माझा क्रमांक कितवा आला हे कृपया कोणी विचारू नये. माझ्यामागे फारशी गर्दी नव्हती एवढे सांगितले म्हणजे पुरे. तरीही ते पदक मी अभिमानाने लावले आहे, आणि येणाऱ्या बालरुग्णांचे लक्ष स्टेथोस्कोपवरून हटवण्याच्या कामी ते अधूनमधून उपयोगीही पडते.

मागच्या हिवाळ्यात अकरा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. ताप, खोकला अशी काही तक्रार नव्हती. वजन मात्र वयाच्या मानाने बरेच अधिक होते, आणि मानेवर तो काळसर मखमली पट्टा, ज्याचा अर्थ या स्मरणिकेच्या बहुतेक वाचकांना सांगावा लागणार नाही. इतरांसाठी सांगतो: शरीरातील इन्शुलिन आपले काम नीट करेनासे झाले आहे, पुढे मधुमेहाचे दार आहे, अशी ती पाटी असते. आईची मागणी साधी होती. ‘‘डॉक्टर, याला पी.टी.ची सूट मिळावी म्हणून एक सर्टिफिकेट हवे होते. धावला की धाप लागते, मुले हसतात, आणि यंदापासून कोचिंगही लावले आहे.’’

मी लेटरहेड पुढे ओढले. तेवढ्यात मुलाने पदकाकडे बोट दाखवले.

‘‘काका, तुम्ही फर्स्ट आलात?’’

‘‘नाही रे. जो शेवटपर्यंत पोहोचतो, त्या सगळ्यांनाच ते देतात.’’

‘‘सगळ्यांना?’’ त्याला ते खरे वाटेना. ‘‘मग आमच्या स्पोर्ट्‌स डेला तीनच का असतात?’’

‘‘आणि बाकीची मुले काय करतात?’’

‘‘बाकी आम्ही ताली वाजवतो.’’

हे त्याने कसलीही खंत न बाळगता, घरचा पत्ता सांगावा तसे सांगितले. पेन माझ्या हातात तसेच राहिले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा एक उशिरा केलेला प्रयत्न आहे.

शहरे धावू लागली

मॅरेथॉन हा मूळचा आपला खेळ नव्हे. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकमध्ये ती प्रथम धावली गेली. ४२.१९५ किलोमीटर हे विचित्र वाटणारे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आले आणि १९२१ मध्ये अधिकृत झाले. परंतु मराठी माणसाचा या शर्यतीशी संबंध वाटतो तितका अलीकडचा नाही. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी, साध्या वेशात लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारे शेतकरी पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा चकित झाले. या माणसांच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या जवळपास जातात, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यातूनच १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकला हिंदुस्थानचा संघ गेला. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत पूर्ण करून १९वा क्रमांक मिळवला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

पुढे बराच काळ लांब पल्ल्याचे धावणे हे सैनिकांचे, पोलिसांचे आणि मोजक्या वेड्यांचे काम मानले गेले. १९८३ साली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. खरा पालट मात्र २००४ च्या मुंबई मॅरेथॉनने घडवला. पट्टीच्या धावपटूंबरोबर त्याच दिवशी हौशी, ज्येष्ठ आणि अपंग नागरिकही रस्त्यावर उतरले. अलीकडच्या वर्षांत या एका स्पर्धेतील सहभागींची संख्या साठ हजारांच्या घरात गेली आहे. २०१२ पासून साताऱ्यात यवतेश्वराच्या घाटातील अर्धमॅरेथॉन होऊ लागली. तिच्यामागे स्थानिक डॉक्टर मंडळींचा मोठा पुढाकार होता, ही आपल्या व्यवसायास भूषणावह गोष्ट. आपल्या इंदुरातही अकॅडमी ऑफ इंदूर मॅरेथॉनर्सच्या आयोजनामुळे दर वर्षी हजारो माणसे धावतात. अन्नपूर्णा रस्ता, दसरा मैदान, लालबागेचा परिसर येथे पहाटे साडेपाचला पूर्वी दूधवाले आणि सफाई कामगार एवढेच दिसत. आता रंगीत बूट घातलेले बँक अधिकारी, शिक्षिका, आजोबा आणि आपल्यातलेच अनेक सर्जन तेथे भेटतात. धावणे संपल्यावर पोहे-जिलेबीच्या गाडीवर होणारा ‘रिकव्हरी’चा कार्यक्रम हा इंदूरचा स्वतंत्र शोध आहे; त्यावर वैद्यकीय मत देण्याचे मी येथे टाळतो.

या लोकप्रियतेचे मर्म

पस्तिशी-चाळिशीपर्यंत कधीही मैदान न पाहिलेली माणसे हे कष्ट आपणहून, वर प्रवेशशुल्क भरून का घेतात? स्वतः त्यांच्यात सामील झाल्यावर मला त्याची चार कारणे दिसली.

पहिले, येथील स्पर्धा मुख्यतः स्वतःशी असते. मागच्या वर्षी ८५ मिनिटे लागली, यंदा ८० लागली, एवढ्यावर माणूस आठवडाभर खुशीत राहतो. दुसरे, येथे संथ माणसालाही जागा आहे. शेवटचा धावपटू येईपर्यंत रस्त्याच्या कडेला पाणी घेऊन कोणी तरी उभे असते. तिसरे, शर्यत एका सकाळची असली तरी तयारी चार-सहा महिन्यांची असते. आरोग्याला जो लाभ होतो तो त्या तयारीतून. शर्यतीचा दिवस हे केवळ निमित्त. चौथे, माणूस एकटा धावत नाही. गट असतो, गटात कोणी न आल्यास फोन जातो, आणि त्या फोनच्या धाकाने पुढच्या रविवारी पांघरूण बाजूला सारले जाते.

आता याच चार कसोट्या आपल्या बहुतेक शाळांच्या क्रीडाजीवनाला लावून पाहू. तेथील स्पर्धा दुसऱ्याशी असते. संथ मुलाला पहिल्याच फेरीत बाहेर काढले जाते, म्हणजे ज्याला धावण्याची सर्वाधिक गरज त्याला सर्वांत कमी धावायला मिळते. तयारी वार्षिक क्रीडादिनापूर्वीच्या दहा दिवसांत उरकते, आणि तीही निवडक मुलांची. उरलेल्यांच्या वाट्याला संचलन, गणवेश आणि टाळ्या. पाचशे मुलांच्या शाळेत चाळीस मुले खेळतात, बारा पदके वाटली जातात आणि छायाचित्रांत मैदान भरलेले दिसते. प्रौढांनी आपल्यासाठी खेळ इतका उदार करून घेतला, आणि मुलांसाठी मात्र तो तसाच कृपण ठेवला.

नियम नाहीत असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे असे स्पष्ट म्हटले आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८-१९ पासून नववी ते बारावीला आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा रोज एक तास अनिवार्य केला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने खेळाला ‘अभ्यासेतर’ समजू नये असे बजावले. तरीही परीक्षा जवळ आली की पहिला बळी पी.टी.च्या तासाचा जातो, हे प्रत्येक पालक जाणतो. आणि खरे सांगायचे तर बहुतेक पालकांना ते हवेही असते.

चुकीचा धडा

मॅरेथॉनकडून शाळांनी काही शिकावे असे म्हणताच एक धोका उभा राहतो. उत्साहाच्या भरात कोणी लहान मुलांनाच लांब पल्ल्यावर धावायला लावेल. म्हणून बालरोगतज्ज्ञ या नात्याने येथे ठामपणे सांगावयास हवे: मुलांनी मॅरेथॉनचे अंतर घ्यावयाचे नाही.

मे २००६ मध्ये ओडिशात चार वर्षांचा बुधिया सिंग पुरी ते भुवनेश्वर असे ६५ किलोमीटर सात तासांत धावला. देशभर कौतुक झाले, दूरचित्रवाणीने त्याला डोक्यावर घेतले. तज्ज्ञांनी इशारे दिले आणि शासनाने त्याच्या लांब धावण्यावर बंदी घातली. पुढे त्याच्यावर चित्रपट निघाला, पण त्या धावण्यातून देशाला ऑलिम्पिकवीर मिळाला नाही. टाळ्या वाजवणाऱ्या आपणा मोठ्यांची हौस मात्र भागली.

वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक नाजूक पट्टी असते. त्याच त्या हालचालीचा ताण सतत पडला तर ती दुखावते. दहा ते पंधरा वयातील खेळाडू मुलांचा गुडघ्याखालचा दुखरा उंचवटा आणि त्याहून लहानांची टाचदुखी ही त्याचीच रूपे. विश्रांतीने ती सहसा बरी होतात, पण ‘दुखले तरी धाव’ म्हणणारा प्रशिक्षक भेटला तर मुलाचा खेळच सुटतो. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१६ मध्ये सल्ला दिला, की एकाच खेळाला वाहून घेणे शक्यतो पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावे. तोपर्यंत मुलाने नाना खेळ खेळावेत.

या सल्ल्याचा जिवंत पुरावा आपल्याच भाषेत आहे. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटर दूरच्या शाळेत चालत-पळत जात असे. त्याला कोणी बालवयात अकादमीत घातले नाही. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनमध्ये राहिला, आणि स्पर्धात्मक धावण्याकडे वळला तो वयाच्या विशीनंतर. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत त्याने रौप्यपदक मिळवले आणि १९९८ पासून त्या शर्यतीची सर्व पदके घेऊन जाणाऱ्या केनियाची साखळी तोडली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. शाळेच्या वाटेवरची ती रोजची, बिनपदकाची धाव त्याच्या पायांत उतरली होती. आपल्या मुलांची शाळेची वाट आता पिवळ्या बसने आणि स्कूटीने व्यापली आहे, तेव्हा ती रोजची हालचाल त्यांना दुसरीकडून मिळवून दिली पाहिजे.

बरोबर धडा

ती कशी मिळवून द्यावी, याचे एक सुंदर उदाहरण स्कॉटलंडमध्ये घडले. २०१२ साली स्टर्लिंग येथील एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांच्या ध्यानात आले, की मुले वर्गाबाहेरच्या थोड्याशा धावण्यानेही दमतात. त्यांनी सर्व मुलांना रोज पंधरा मिनिटे, आहे त्या गणवेशात, आपापल्या गतीने मैदानाभोवती धावायला किंवा चालायला सोडले. स्पर्धा नाही, निवड नाही, उपकरण नाही, कपडे बदलणेही नाही. ‘डेली माइल’ या नावाने ही रीत अनेक देशांत पसरली. २०१८ मध्ये स्टर्लिंग विद्यापीठाच्या अभ्यासात अशा शाळेतील मुलांची धावण्याची क्षमता व शरीरातील चरबीचे प्रमाण, दोन्ही तुलनेच्या शाळेपेक्षा चांगल्या दिशेने गेल्याचे आढळले.

उघड्यावर असण्याचा लाभ डोळ्यांनाही होतो. चीनमधील ग्वांगझोऊ येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे अधिक बाहेर ठेवले. तीन वर्षांनी त्यांच्यात नव्याने चष्मा लागण्याजोगी लघुदृष्टी सुमारे ३० टक्के मुलांत, तर इतर शाळांत सुमारे ३९ टक्के मुलांत आढळली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत औषध कोणतेच नव्हते. मैदान हेच औषध होते.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटाला दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्याच पाहणीत जगातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले एवढीही हालचाल करीत नाहीत असे दिसले, आणि मुलींत हे प्रमाण ८५ टक्के होते. मुलींच्या बाबतीत कारणे शाळेतच सापडतात: बदलण्याची खोली नाही, स्वच्छतागृह नीट नाही, पाळीच्या दिवसांत काय करावे हे सांगणारी शिक्षिका नाही. या तीन गोष्टी केल्या तरी निम्मे काम होईल असा माझा ओपीडीतील अनुभव सांगतो.

आपल्याकडे या विचाराची परंपरा नव्हती असे कोणी समजू नये. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून शरीरशिक्षण हे सर्वांसाठी आहे हेच तत्त्व चालवले आणि १९३६ साली बर्लिनमध्ये आपल्या देशी खेळांचे प्रात्यक्षिक जगाला दाखवले. खो-खो आणि लंगडी यांना ना महागडे बूट लागतात ना हिरवळ. मल्लखांबाला तर मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये राज्यक्रीडेचा मान दिला. आपल्या आजोबांच्या पिढीने इंदुरात गल्लोगल्ली आखाडे पाहिले होते. तेथे कोपऱ्यात उभे राहून टाळ्या वाजवण्यासाठी कोणी जात नसे.

आपल्याकडे पाहताना

आता थोडे अप्रिय बोलतो. या सगळ्यात आपण डॉक्टर कोठे आहोत? ‘यास तीन महिने शारीरिक श्रमापासून सूट द्यावी’ अशी प्रमाणपत्रे मी आजवर किती दिली, याचा हिशेब माझ्याकडे नाही. पालक ओळखीचे असतात, बाहेर रांग असते, एका सहीने सारे खूश होतात. यांपैकी खरी वैद्यकीय गरज किती जणांना होती, असे स्वतःला विचारले तेव्हा उत्तर मला सुखावणारे नव्हते. ज्या दमेकरी मुलाचे उपचार नीट आहेत त्याला धावता येते. अंग आधी नीट तापवावे आणि इन्हेलर जवळ असावा. टाइप वन मधुमेहाच्या मुलाने खेळावे. साखर तपासावी, खिशात ग्लुकोज असावे. लठ्ठ मुलाला तर सूट देणे म्हणजे तहानलेल्याला पाण्यापासून सूट देणे होय.

सूट द्यावयाची, किंवा निदान आधी सखोल तपासणी करावयाची, ती वेगळ्या मुलांना. श्रम करताना भोवळ येऊन पडलेला, छातीत दुखणारा, हृदयात मर्मर ऐकू येणारा, किंवा घरात तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असा मूल असेल तर हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला होईपर्यंत मैदान बंद. पाच मिनिटांच्या या विचारपूस-तपासणीसाठी आपल्याला सवड नसते, आणि सही करायला मात्र असते.

म्हणून आपल्या मंडळींपुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवतो. एक, पी.टी.च्या सुटीचे प्रमाणपत्र निदान आणि मुदत लिहिल्याशिवाय कोणी देऊ नये. दोन, अन्नपूर्णा, सुदामानगर, उषानगर, लोकमान्यनगर या भागातील प्रत्येक डॉक्टरने एक शाळा आपली मानावी, वर्षातून दोनदा तेथे जावे, मुलांची उंची-वजन आणि रक्तदाब पाहावा, आणि मुख्याध्यापकांना रोजच्या पंधरा मिनिटांसाठी राजी करावे. तीन, क्रीडादिनी पहिल्या तिघांचा सत्कार जरूर व्हावा, गुणवंताचा मान कमी करण्याचे कारण नाही. पण वर्षभरात स्वतःच्या वेळेत सुधारणा करणाऱ्या प्रत्येक मुलाचे नावही त्याच व्यासपीठावरून वाचले जावे. त्याला खर्च येतो तो एका वहीचा.

हे होणार नाही असे म्हणणाऱ्यांना मी आपल्याच शहराकडे बोट दाखवतो. २०१७ साली इंदूर प्रथमच देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले आणि पुढे वर्षानुवर्षे त्याने तो मान राखला. एका रविवारी झाडू घेऊन छायाचित्र काढल्याने ते झाले नाही. रोज सकाळी घरासमोर गाडी आली, रोज ओला-सुका कचरा वेगळा झाला, आणि त्यात प्रत्येक घर होते. मुलांच्या आरोग्याचेही असेच आहे.

असो. त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगून संपवतो. त्या दिवशी मी प्रमाणपत्र दिले नाही. हृदय आणि छाती तपासली, रक्तदाब घेतला, तपासण्या लिहिल्या. आई थोडी नाराज झाली. मग लेटरहेडवर शाळेच्या क्रीडाशिक्षकांना पत्र लिहिले: याला सूट नको, याला फक्त आपल्या गतीने चालू-धावू द्यावे, आणि इतरांशी तुलना करू नये. आठवड्याने त्या शिक्षकांचाच फोन आला. ‘‘सर, अशी अजून वीस-पंचवीस मुले आहेत. त्यांनाही घेऊ का?’’

पावसाळ्याच्या तोंडावर तो मुलगा पुन्हा आला. वजनाचा काटा फारसा हलला नव्हता. मानेवरचा पट्टा होताच. पण जिना चढून आल्यावर तो धापत नव्हता. मी विचारण्याआधीच त्याने सांगितले, की आता तो मैदानाच्या चार फेऱ्या न थांबता मारतो, आणि पहिल्या दिवसापेक्षा त्याला तीन मिनिटे कमी लागतात.

‘‘पदक मिळाले?’’ मी विचारले.

‘‘नाही काका. पण सर रजिस्टरमध्ये टाइम लिहितात. सगळ्यांचा.’’